बढतीचा न्याय : लहान कचेरी आणि मोठी कचेरी

आपल्या बोलण्यात 'वशिल्याचे तट्टू' हा शब्दप्रयोग वरचेवर येतो. शब्द पागेतला, पण आपण तो वापरतो कचेरीतल्या माणसाविषयी. चांगला राबणारा माणूस मागे राहिला आणि कोणाचा तरी भाचा पुढे सरकला, की चहाच्या दुकानात हा शब्द हमखास ऐकू येतो. शाळा असो, पतपेढी असो, दूध संघ असो की जिल्हा परिषद असो, ही तक्रार सगळीकडची आहे.

यावर लोकांची दोन मते पडतात. काही म्हणतात, 'लहान जागा बरी. दहा माणसे कामाला, मालक रोज समोर. कोण राबतो आणि कोण टाळाटाळ करतो, हे त्याला डोळ्यांनी दिसते.' दुसरे म्हणतात, 'छे! लहान जागेत मालकाची मर्जी हाच कायदा. त्यापेक्षा मोठी कचेरी बरी. तिथे नियम आहेत, यादी आहे, दाद मागायला जागा आहे.' दोन्ही मतांत तथ्य आहे. मग खरे काय? आज आपण हा प्रश्न आपल्याच इतिहासाला विचारून पाहू.

सर्वांत लहान कचेरीपासून सुरुवात करू. ती म्हणजे गावची चावडी. पाटील, कुलकर्णी, चौगुला, महार एवढ्यांवर गावचा कारभार शेकडो वर्षे चालला. या कामांना आपण वतन म्हणत होतो. वतनाचा एक मोठा गुण होता. माणूस गावचा, त्याला बांध न् बांध ठाऊक. कुलकर्ण्याच्या घरात बापजाद्यांचे दप्तर असे, आणि जमिनीची माहिती कागदाइतकीच त्याच्या तोंडी असे. हे ज्ञान बाहेरून आणता येत नव्हते.

पण वतनात बढती नावाची गोष्टच नव्हती. पाटलाचा मुलगा पाटील, कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी. वतनदाराच्या पोटी हुशार मुलगा निपजला तर गावाचे नशीब. नाही निपजला, तर वतनदाराने गुमास्ता ठेवायचा, काम गुमास्त्याने करायचे आणि मान व हक्क वतनदाराने घ्यायचे. गुमास्ता कितीही हुशार असला, तरी तो गुमास्ताच राहायचा.

आणि या व्यवस्थेची खरी झळ कोणाला लागली? महार वतनाला. सरकारचा सांगावा पोचवणे, वसुलाची रक्कम ठाण्यात नेणे, गावची राखण करणे ही कामे त्यांच्याकडे होती. कामाला वेळ नाही, काळ नाही. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि बलुते. एखाद्याने जन्मभर इमानाने काम केले, तरी त्याला वरची पायरी नव्हती, कारण पायरी कर्तृत्वावर ठरलेली नसून जन्मावर ठरलेली होती. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात वतन कायद्यात सुधारणा सुचवणारे विधेयक मांडले. पुढे स्वराज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने गेली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने गेली आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची वंशपरंपरेची जागाही गेली.

तेव्हा पहिला धडा हा : लहान जागेत सगळे सगळ्यांना ओळखतात, पण ओळख असली म्हणजे न्याय होतोच असे नाही. कधी कधी माणसाला आधी घराण्यावरून ओळखतात, आणि त्याचे काम मग पाहायचे राहूनच जाते.

आता जरा मोठ्या कचेरीकडे वळू. शिवाजी महाराजांचे राज्य वाढू लागले, तेव्हा प्रत्येक माणूस स्वतः पाहणे त्यांना शक्य नव्हते. मावळातली चार पथके असताना नजर पुरत होती, पण शेकडो गड आणि हजारोंचे लष्कर झाल्यावर ती कशी पुरणार? महाराजांनी काय केले, हे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत वाचायला मिळते. ही बखर राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ च्या सुमारास, दूर जिंजीस लिहिली गेली.

सभासद पागेची रचना सांगतो ती अशी. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. म्हणजे सरकारी घोड्यावर बसणाऱ्या साध्या बारगीरालाही आपल्यापुढे किती पायऱ्या आहेत, हे बोटांवर मोजता येत होते. पगार जागेला ठरलेला होता, आणि तो रोख किंवा वरातेने मिळे. जागेबरोबर गाव तोडून द्यायचे नाही, असा महाराजांचा कटाक्ष होता. गाव दिले की जागा घराण्याची होते आणि घराण्याची झाली की ती परत घेता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट. दसऱ्याला लष्कर मुलूखगिरीला निघे आणि पावसाळ्यात छावणीला परत येई. परत आल्यावर हिशेब होई. लूट किती आली याचा हिशेब तर होईच, पण कोण कसा लढला याचाही होई. ज्याने कष्ट केले त्याची वाखाणणी आणि बढती, ज्याने कसूर केली त्याची चौकशी आणि शिक्षा. बढती मनात येईल तेव्हा नव्हे, तर चार लोकांसमोर, ठरलेल्या वेळी.

तिसरी गोष्ट गडांची. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे ठेवत. गड एकाच्याच मर्जीवर राहू नये, हा त्यातला हेतू. आता बघा, ज्या गडावर तिघांनी मिळून कारभार करायचा, तिथे एकट्याला आपले वशिल्याचे तट्टू घुसवणे सोपे नसते. दुसरे दोघे लगेच विचारतात, 'हा कोण? याचे काम काय?'

म्हणून सगळे आलबेल होते असे समजू नका. नात्याची माणसे तेव्हाही मोठ्या जागांवर होतीच. १६७४ साली प्रतापराव गुजर पडल्यावर हंबीरराव मोहिते सरनोबत झाले. ते महाराणी सोयराबाईंचे भाऊ. नाते होते, हे उघड आहे. पण महाराजांच्या मागे गादीचा प्रश्न आला, तेव्हा हंबीररावांनी आपल्या सख्ख्या भाच्याची बाजू न घेता संभाजीराजांची बाजू घेतली. म्हणजे नात्याचा माणूस नालायकच असतो, असेही नाही. आणि उलट बाजूही पाहा. नेताजी पालकरांसारखा नामवंत सरनोबत पन्हाळ्याच्या स्वारीत वेळेवर पोचला नाही, म्हणून १६६६ साली त्याला दूर करण्यात आले. जुनी कीर्ती आडवी आली नाही. माणूस कोणाचा, यापेक्षा त्याने काय केले हे विचारण्याची रीत राज्यात होती, एवढे यावरून दिसते.

ही रीत पुढे टिकली का? नाही टिकली. १६८९ नंतर मोगलांचा वेढा सर्व बाजूंनी आवळला. खजिना रिकामा, राजा जिंजीस. लढणाऱ्यांना रोख द्यायला पैसा नव्हता. तेव्हा वतने आणि सरंजाम देऊन माणसे राखावी लागली. त्या वेळची ती गरज होती, आणि तिच्या बळावरच स्वराज्य वाचले, हे विसरून चालणार नाही. पण गरजेपोटी दिलेली सवलत पुढे हक्क होऊन बसली. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांपासून सावध राहण्याचा इशारा दिला तो याच अनुभवातून.

पेशवाईचेच उदाहरण घ्या. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले ते कर्तबगारीवर. १७२० साली एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना ते देताना दरबारात कुरकुर झाली, पण शाहू महाराजांची पारख खरी ठरली. मल्हारराव होळकर धनगराच्या घरात जन्मले आणि मोठे सरदार झाले. असे गुण हेरणारे डोळे त्या काळात होते. पण एकदा जागा मिळाली, की ती घराण्याची होत गेली. १७६१ साली पानिपताच्या धक्क्यानंतर सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. ते थोर निघाले, हे राज्याचे भाग्य. परंतु भाग्यावर कारभार चालवता येत नाही. पुढच्या पिढीत भाग्य रुसले, की सगळा डोलारा डळमळतो.

आता तिसऱ्या कचेरीत जाऊ. ही फार मोठी, सातासमुद्रापलीकडून चालणारी. ईस्ट इंडिया कंपनीची. तुम्हाला वाटेल, साहेबाच्या राज्यात सुरुवातीपासून परीक्षा आणि नियम असतील. तसे मुळीच नव्हते. कंपनीचे चोवीस डायरेक्टर होते, आणि हिंदुस्थानातल्या जागा वाटण्याचा हक्क त्यांचा होता. कोणाचा पुतण्या, कोणाच्या मित्राचा मुलगा, अशी भरती होई. जागा विकायला बंदी होती, तरी त्या विकल्या जात, आणि १८०९ साली विलायतेच्या पार्लमेंटला त्याची चौकशी करावी लागली. मग म्हणू नका की वशिला हा आपल्याच मातीतला रोग आहे!

एक सुधारणा कंपनीत आधी झाली होती. १७९३ च्या सनदेने मोठ्या पगाराच्या जागांना नोकरीच्या वर्षांची अट घातली. अमुक इतकी वर्षे हिंदुस्थानात काढल्याशिवाय अमुक इतक्या पगाराची जागा नाही. आपण आज जिला सेवाज्येष्ठता म्हणतो, तिचाच हा एक जुना अवतार. कालचा पोरगा एकदम डोक्यावर बसू नये, म्हणून घातलेले हे कुंपण होते. कुंपणाने वशिल्याला आळा बसतो, हे खरे. पण कुंपणाच्या आत हुशार आणि आळशी एकाच चालीने चालतात, हेही तितकेच खरे.

शेवटी १८५३ च्या कायद्याने डायरेक्टरांचा वाटपाचा हक्क काढून घेतला आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली स्पर्धा परीक्षा झाली. कोणाचा मुलगा हे न विचारता उत्तरपत्रिका तपासायची! कल्पना मोठी होती. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. त्यांची नोकरी आपल्याच मुंबई इलाख्यात झाली, आणि साताऱ्यास न्यायाधीश असताना १८९७ साली ते निवृत्त झाले. १८६९ साली उत्तीर्ण झालेल्या चार हिंदी तरुणांत श्रीपाद बाबाजी ठाकूर हे आपल्या बाजूचे होते.

पण नीट पाहा. परीक्षा सर्वांना खुली, मात्र ती लंडनला. जहाजाचे भाडे कोण देणार? जातीबाहेर टाकतील ती भीती कोण सोसणार? ग्रीक आणि लॅटिन कोण शिकवणार? त्यातच १८७८ च्या सुमारास वयाची कमाल मर्यादा एकोणीसवर आणली गेली. नियम सर्वांना सारखा, पण दरवाजापर्यंतचा रस्ता सारखा नव्हता. ही परीक्षा हिंदुस्थानातही घेण्यास १९२२ साल उजाडावे लागले. दुसरा धडा हा : मोठ्या कचेरीचा नियम कागदावर निर्दोष असूनही व्यवहारात अरुंद असू शकतो. म्हणून नियम वाचताना, त्या नियमापर्यंत कोण पोचू शकतो, हेही विचारावे.

हा प्रश्न ज्या राजाने सरळ विचारला, तो आपल्या कोल्हापूरचा. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ साली राज्याची सूत्रे हाती घेतली. संस्थान लहान. कचेरीतला प्रत्येक माणूस राजाला तोंडाने ओळखता येईल, एवढे. लहान जागेत न्याय आपोआप होतो असे म्हणणाऱ्यांनी त्या वेळचे आकडे पाहावेत. सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनीच्या ५०० जागांपैकी अवघ्या १० जागांवर ब्राह्मणेतर होते.

हे कसे झाले? कोणी रोज उठून कट करत होते असे समजण्याचे कारण नाही. लहान कचेरीची चालच तशी असते. जागा रिकामी झाल्याची बातमी आधी कचेरीतच कळते. कचेरीतला माणूस ती घरी सांगतो. घरचा मुलगा मोडी वाचणारा, हिशेब जाणणारा असतो. तो काही दिवस बिनपगारी उमेदवारी करतो, साहेबाच्या नजरेत भरतो आणि जागेवर बसतो. त्यात त्या मुलाचा दोष नाही, तो लायकही असेल. पण ज्या कुणब्याच्या मुलाला जागेची बातमीच कळली नाही, ज्याला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही, त्याची लायकी कोणी तपासलीच नाही. आणि न तपासलेल्या माणसाला नालायक म्हणणे, हा अन्यायच.

शाहू महाराजांनी दोन्ही टोकांकडून काम सुरू केले. २६ जुलै १९०२ रोजी हुकूम निघाला की संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात. पण नुसत्या हुकुमाने काय होणार? माणसे तयार हवीत. म्हणून १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम झाला. १९१८ साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमण्यात आले, आणि त्या कामासाठी निरनिराळ्या जातींची मुले शिकवून तयार करण्यात आली. चावडीचे दप्तर एका घराण्याच्या माडीवरून खाली उतरले, ते असे. शिक्षक बंधुभगिनींनो, यातली मेख लक्षात घ्या. बढतीचा न्याय कचेरीच्या दारात सुरू होत नाही, तो शाळेच्या दारात सुरू होतो.

स्वराज्य आल्यावर आपल्या घटनेने यातले बरेचसे शहाणपण एकत्र केले. सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधी आली आणि मागासवर्गांसाठी जागा राखून ठेवण्याची मुभाही आली. तीनशे पंधराव्या कलमाने लोकसेवा आयोग आले. म्हणजे नेमणूक करणारा एक आणि पारख करणारा दुसरा, अशी वाटणी झाली. गडावरच्या तिघांची आठवण होते ना?

मग मोठ्या कचेरीत आता सगळे ठीक आहे का? इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोठी कचेरी म्हणजे शेवटी अनेक लहान खोल्याच. नियम मुंबईत ठरतो, पण तुमच्या कामावर शेरा मारणारा साहेब तुमच्याच खोलीत बसलेला असतो. त्याचे नाव गोपनीय अहवाल. वर्षानुवर्षे हे शेरे बंद पाकिटात राहिले. माणसाची बढती अडे, आणि का अडली हे त्याला कळत नसे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सरकारी नोकराच्या अहवालातला प्रत्येक शेरा त्याला कळवला पाहिजे, चांगला असो की वाईट. साधीच गोष्ट, पण ती घडायला एवढा काळ लागला. ज्याच्याविषयी लिहायचे त्याला वाचता येईल, हे ठाऊक झाले की लेखणी जपून चालते.

आणि लहान जागांचे काय? आपल्या खेड्यापाड्यांतील खासगी माध्यमिक शाळांचेच पाहा. आठदहा शिक्षक, एक संस्था, एक अध्यक्ष. संस्था काढणाऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन त्या उभ्या केल्या, हे उपकार मोठे. पण मुख्याध्यापक कोण होणार, हे एका माणसाच्या शब्दावर राहिले, की शिक्षकांचे अर्धे लक्ष वर्गाकडे आणि अर्धे अध्यक्षांच्या ओसरीकडे. म्हणून महाराष्ट्रात १९७७ साली खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९८१ साली त्याचे नियम आले. मुख्याध्यापकाची जागा सर्वसाधारणपणे सेवाज्येष्ठतेने भरावी असे ठरले. ज्याला डावलले त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क मिळाला. म्हणजे लहान जागेला मोठ्या जागेचे एक अवजार मिळाले. ज्येष्ठतेने नेहमीच उत्तम मुख्याध्यापक मिळतो, असे मी म्हणणार नाही. पण निदान माणूस ताठ मानेने वर्गात उभा राहू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लहान कचेरी बरी की मोठी? इतिहासाचे उत्तर असे दिसते की आकाराने न्याय ठरत नाही. लहान जागेत काम दिसते, पण दिसलेले बोलून दाखवायची आणि त्यावर वाद घालायची सोय नसते. मोठ्या जागेत ती सोय असते, पण तिथे काम पाहणारे डोळे कमी पडतात. म्हणून लहान जागेने मोठीकडून थोडे घ्यावे आणि मोठीने लहानाकडून.

तुमच्या हातात एखादी संस्था, सोसायटी, पतपेढी किंवा दहा माणसांचा कारखाना असेल, तर चार गोष्टी बिनखर्चात करता येतील. जागा रिकामी झाली की ती फळ्यावर लिहा, म्हणजे बातमी एकाच घरात राहणार नाही. ती कशावर भरणार, कामावर, परीक्षेवर की वर्षांवर, हे माणूस निवडण्याआधी सांगा. निवड एकट्याने करू नका, तिघांनी करा, आणि उमेदवार आपल्या नात्यातला असेल तर आपण त्या दिवशी बाजूला बसा. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. ज्याला जागा मिळाली नाही, त्याला समोर बोलावून कारण सांगा. कारण सांगता येत नसेल, तर निवडीत कुठेतरी खोट आहे असे समजावे.

एका माणसाची बढती ही बाहेरून क्षुल्लक गोष्ट वाटते. पण डावललेला माणूस घरी जातो, तेव्हा त्याची मुले त्याचे तोंड पाहत असतात. 'काम करून काय मिळते?' या प्रश्नाचे उत्तर ती पुस्तकातून शिकत नाहीत. ती ते त्या तोंडावर वाचतात. गावच्या चावडीत, दूध संघात, शाळेत आपण रोज जे निवाडे करतो, त्यांतून पुढची पिढी ठरवणार आहे की राबायचे की वशिला शोधायचा. ते ठरवणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.